अपूर्ण नोंदवहीतला यंत्रमानव

रविवारी सकाळी सहायक ग्रंथपालाने विसाव्यांदा मानवजात वाचवली, तेव्हा त्याच्या डाव्या अंगठ्यातून निघालेली बारीक कळ थेट मनगटापर्यंत गेली. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर अवकाशजहाजाचा कप्तान उभा राहिला. त्याच्या ओठांची हालचाल आणि त्याचा आवाज यांचा मेळ काही केल्या बसत नसे. खाली अक्षरे उमटली : ‘शाबास, अवकाशवीरा! पण निर्णायक दिवस उद्या आहे.’

“हा कालही हेच म्हणाला होता,” सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला शेंगा सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या.

“परवाही म्हणाला होता. ही विसावी वेळ. अजून अठ्ठावीस निर्णायक दिवस बाकी आहेत, आई.”

“मग त्याला कोणीतरी सांगा, की बाबा, एकदाच काय ते ठरव.”

आत कपड्यांच्या घड्या घालत असलेली बायको बाहेर आली. ती भौतिकोपचारतज्ज्ञ होती, आणि दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे व मनगटे पाहून झाल्यावर घरी आणखी एक अंगठा पाहण्याची तिची अजिबात इच्छा नव्हती.

“दुखतोय ना?”

“नाही.”

“मग तो असा वर का धरलायस? मला सगळं छान चाललंय असं सांगायला?”

सहायकाने अंगठा खाली घेतला आणि एकविसाव्या मोहिमेचे बटण तर्जनीने दाबले.

वास्तविक त्याला या खेळाची आवड नव्हती. कोणत्याच खेळाची नव्हती. तो एका मध्यम आकाराच्या सार्वजनिक ग्रंथालयात अकरा वर्षे सहायक होता आणि येत्या शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजता, मुख्य ग्रंथपाल होणार होता; मात्र एका अटीवर. ग्रंथालयाच्या मुख्य टेबलावर ‘अपूर्ण’ असे लिहिलेली एक जाड नोंदवही होती, आणि त्या नोंदवहीत एकही नोंद शिल्लक असेल तर पदभार देता-घेता येत नसे. हा नियम मावळत्या मुख्य ग्रंथपालांचा होता. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत.

मोठ्या साहेबांच्या नियमालाही इतिहास होता. फार वर्षांपूर्वी एका वाचकाने एक रहस्यकथा नेली. तीनशे पाने त्याने श्वास रोखून वाचली, आणि खुनी कोण हे कळायच्या जागी बांधणीच्या घोटाळ्यामुळे भलत्याच पुस्तकाची सोळा पाने निघाली. त्यांत मधमाश्यांच्या पेट्या भर उन्हात ठेवू नयेत अशी सूचना होती. वाचक काउंटरवर येऊन अक्षरशः रडकुंडीला आला. त्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या हाताने नियम लिहिला : ‘ग्रंथालयातील कोणत्याही एका कर्मचाऱ्याने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहून तपासणीपत्रावर सही केल्याखेरीज कोणतीही वस्तू वाचकांस देऊ नये.’ नियम चांगला होता. पण साहेबांच्या निवृत्तीची तारीख जवळ आली, की तो विलक्षण कडक होत असे. दोन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या पंधरवड्यात मृदापरीक्षणाच्या अहवालांचे चौदा खंड देणगी म्हणून आले. ते वेळेत तपासून झाले नाहीत. साहेबांना एक वर्षाची मुदतवाढ मिळाली. गेल्या वर्षी बुद्धिबळाच्या मासिकांची चार खोकी आली. पुन्हा मुदतवाढ. या खेपेला दारात एक लहान खोके सापडले. त्यात खेळाचे यंत्र होते, एक कंट्रोलर होता आणि एकच तबकडी होती. वर चिठ्ठी होती : ‘एका वाचकाकडून.’

“साहेब, हे काही पुस्तक नाही,” सहायक म्हणाला होता.

“नियमात ‘वस्तू’ असं लिहिलंय.” साहेबांनी चष्म्यावरून पाहिले. “मी तो शब्द विचार करूनच घातला होता.”

“पण याला पानं कुठे आहेत?”

“मोहिमा आहेत ना! पाकिटावर वाचा. अठ्ठेचाळीस थरारक मोहिमा. पहिलीपासून शेवटचीपर्यंत बघा, सही करा, शुक्रवारी खुर्ची तुमची. मला तरी कुठे हौस आहे इथे बसून राहायची?”

खेळ एका जुन्या ॲनिमे मालिकेवर बेतला होता. त्याचे कथानक सहायकाने तपासणीपत्रावर पहिल्याच दिवशी लिहून ठेवले, कारण दुसऱ्या दिवशी त्यात भर घालण्याजोगे काही घडले नाही. वीस मजली उंचीचा निळा यंत्रमानव जहाजातून बाहेर पडतो. काळ्या आकाशात करड्या यंत्रमानवांची झुंड येते. साठ करडे मारले, की एक लाल यंत्रमानव प्रकटतो. त्याच्यावर सात वेळा नेम धरून गोळा मारायचा. सातव्या गोळ्याला तो ‘आपण पुन्हा भेटू’ असे म्हणून निघून जातो, आणि दुर्दैवाने शब्दाला जागतो. एक मोहीम अर्ध्या तासाची. सहायक रोज सकाळी कामावर जाण्यापूर्वी दोन आणि आल्यावर तीन मोहिमा उरकत असे. साठ अधिक एक, साठ अधिक एक. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारतानाही सातवा शिक्का मारला, की तो क्षणभर थांबून समोर कोणी काही म्हणते का हे पाहू लागला होता.

मंगळवारी संध्याकाळी छत्तिसावी मोहीम संपली. उरल्या बारा; दिवस होते तीन. अंगठा मात्र चांगलाच सुजला होता आणि तो कंट्रोलरवरून उचलताना सहायकाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो लाल यंत्रमानवालाही कधी काढता आला नव्हता.

“ऊठ,” बायको म्हणाली. “दवाखान्यात चल. पट्टी बांधते.”

“फक्त अजून एक—”

“अजून एक केलीस, तर शुक्रवारी सही कोणत्या हाताने करणार आहेस?”

“उजव्या. हा डावा आहे.”

“मला अंगठा शिकवू नकोस. चल.”

दोघे निघाले. घरात सासूबाई, सोललेल्या शेंगा आणि सुरू असलेला पडदा एवढेच उरले.

सासूबाईंनी तीस वर्षे कपड्यांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर काम केले होते. निवृत्त झाल्यापासून त्या लेकीकडेच राहत आणि घरात जे काही चालले असेल त्यात मनापासून रस घेत. त्यांनी हा खेळ पाचव्या मोहिमेपासून पाहिला होता. आधीच्या चार मोहिमांच्या वेळी त्या देवदर्शनाला म्हणून ज्या निघत त्या शेजारणीकडे गप्पा मारत बसत. त्यामुळे तो लाल मुळात एवढा का चिडला आहे हे त्यांना समजले नव्हते. जावयाला दोनदा विचारले होते. जावयाने दोन्ही वेळा “आई, आत्ता नको” असे म्हटले होते. आता घरात निवांतपणा होता. पडद्यावर दोन ओळी दिसत होत्या : ‘पुढे चालू’ आणि ‘सुरुवातीपासून’. त्यांनी चष्मा नीट बसवला आणि सुरुवातीपासून पाहायचे ठरवले. खेळाने त्यांना विचारले, ‘आधीची नोंद पुसली जाईल. चालेल?’ परके कोणी इतक्या नम्रपणे विचारत असेल, तर नाही म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

अंगठ्याला गाजराएवढी पट्टी बांधून सहायक परतला, तेव्हा सासूबाई सोफ्याच्या अगदी कडेवर बसून दुसरी मोहीम खेळत होत्या.

“जावईबापू, मला कळलं हो! दोघं एकाच शाळेतले आहेत. निळा आणि लाल. एका बाकावरचे.”

सहायक पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत राहिला. तिथे छत्तीसऐवजी दोन होते. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. दोनच होते.

“आई,” तो म्हणाला, “छत्तीस होते.”

“असतील. हे आधीचे आहेत. तुम्ही पाहून घ्या, मग तिथून पुढे जा.”

“तिथून पुढे जाता येत नाही, आई! जागा एकच आहे. नवीन सुरू केलं की जुनं पुसलं जातं!”

“एकच जागा?” सासूबाईंचा चेहरा पडला. “एवढं मोठं अवकाश आणि ठेवायला एकच जागा?”

सहायक जमिनीवर बसला. पुष्कळ काही बोलावे असे त्याला वाटत होते. पण ती माउली कंट्रोलर पदरात धरून अशी बसली होती, जणू तो तिच्या हातून फुटलेला काचेचा पेला होता. त्याने शब्द गिळले. ते गिळताना झालेला आवाज बायकोला स्वयंपाकघरात ऐकू गेला.

“सही करून टाक ना,” ती बाहेर येऊन म्हणाली. “तूच म्हणतोस, सगळ्या मोहिमा सारख्याच आहेत. छत्तीस बघितल्यास, म्हणजे अठ्ठेचाळीस बघितल्यासारख्याच झाल्या.”

“त्या वाचकानेही तीनशे पानं वाचली होती,” सहायक म्हणाला. “शेवटची सोळाच राहिली होती.”

बायकोने कपाळाला हात लावला. अकरा वर्षे संसार करून तिला एवढे ठाऊक झाले होते, की या माणसाला चिडवता येते, रडवता येते, पण त्याच्याकडून खोटी सही करवून घेता येत नाही.

“मी करते,” सासूबाई एकाएकी म्हणाल्या.

“सही?”

“सही कशाला? लढाई. माझ्या हातून पुसलं गेलं, मी भरून देते. तुम्ही फक्त बघायला बसा. नियम बघण्याचाच आहे ना? बटणं कोणी दाबायची ते कुठे लिहिलंय?”

सहायकाने नियम मनातल्या मनात दोनदा वाचला. खरोखरच लिहिलेले नव्हते.

त्याने बुधवार-गुरुवारची रजा टाकली. सकाळी आठ वाजता सासूबाई वेणी घालून, पदर खोचून सोफ्यावर बसल्या. पहिल्या तासात तीन मोहिमा झाल्या. सहायकाला अर्धा तास लागत असे ते काम त्या वीस मिनिटांत उरकत होत्या, आणि तेही जावयाला चहात साखर कमी पडली का हे विचारत.

“तुम्हाला कंटाळा नाही येत, आई?” अकराव्या मोहिमेला त्याने काकुळतीने विचारले. “तेच साठ. तोच एक.”

“तीस वर्षं मी फक्त कॉलर शिवली, जावईबापू. दिवसाला दोनशे. उरलेला शर्ट दुसऱ्या मजल्यावर जोडायचे. मी तो कधी पाहिलासुद्धा नाही.” त्यांनी तीन करडे एका दमात पाडले. “दोन कॉलर सारख्या असतात असं तुम्हाला वाटतं. शिवणारीला तसं वाटत नाही.”

सहायकाने हे बोलणे शिष्टाचार म्हणून ऐकून घेतले. तपासणीपत्रावर त्याने ‘अकरा : पूर्वीप्रमाणे’ असे लिहिले. मग ‘बारा : पूर्वीप्रमाणे’. तेराव्याला त्याने नुसत्या खुणा केल्या.

गुरुवारी दुपारी, तिसाव्या मोहिमेत लाल यंत्रमानव प्रकटला तेव्हा सासूबाई पुढे झुकल्या.

“त्याच्या खांद्याला ठिगळ आहे.”

“कुठे?”

“डाव्या. निळ्या पत्र्याचं. कालपर्यंत एक होतं, आता चार झालीत. आपले तुटलेले तुकडे गोळा करून हा स्वतःला लावतोय.”

“आई, मारा, तो गोळा सोडतोय!”

“सोडू दे. दर वेळी उजवीकडून चार हात लांबूनच जातो तो. तिसांतला एकही आपल्याला लागलेला नाही.” त्यांनी यंत्रवत सात गोळे मारले, पण शेवटचा मारताना त्यांची जीभ चुकचुकली. “हा मारायला येत नाहीये हो. हा भेटायला येतोय.”

“तो शत्रू आहे.”

“असं कोण म्हणतं? तो कप्तान! ज्याला निर्णायक म्हणजे काय हेही माहीत नाही.”

सहायकाने तपासणीपत्र उलटे केले आणि पहिल्यापासून चाळले. छत्तीस मोहिमा त्याने स्वतः खेळल्या होत्या, आता तीस पाहिल्या होत्या, आणि त्याच्या कागदावर ठिगळाचा उल्लेख कुठेही नव्हता. एकतिसाव्या मोहिमेपासून तो टेकून बसायचा थांबला.

संध्याकाळी सहाला एक्केचाळिसावी मोहीम सुरू झाली. साठ करडे पडले. लाल यंत्रमानव आला, आणि या वेळी त्याच्या हातांत काहीच नव्हते. अर्धे अंग निळ्या ठिगळांनी भरले होते. तो समोर येऊन नुसता उभा राहिला.

“मारा, आई,” सहायक म्हणाला; पण त्याचा स्वर आज्ञेचा नव्हता.

“निःशस्त्र माणसाला?”

“माणूस नाही तो. बटण दाबा. अजून सात मोहिमा आहेत. उद्या शुक्रवार आहे!”

“तुमचा शुक्रवार उद्या आहे. त्याला आज जिवंत राहू दे.” सासूबाईंनी कंट्रोलर टेबलावर ठेवला, पदराने चष्मा पुसला आणि हाताची घडी घातली.

नुकतीच कामावरून आलेली बायको चपला हातात घेऊन दारातच उभी राहिली. एक मिनिट गेले. दोन गेली. मग लाल यंत्रमानव सावकाश जवळ आला आणि निळ्याच्या शेजारी, काळ्या आकाशात, बाकावर बसावे तसा बसला. खाली अक्षरे उमटली : ‘किती उशीर केलास.’ ते कोण कोणाला म्हणाले हे कळले नाही. त्यानंतर पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘समाप्त’ आले, काही नावे वर सरकत गेली, आणि खेळ पुन्हा पहिल्या मोहिमेच्या दारात जाऊन उभा राहिला. जपून ठेवलेली नोंद पुसली गेली होती.

सासूबाई डोळे टिपत होत्या. बायको नाक ओढत होती. सहायक दोन्ही हातांनी डोके धरून बसला होता, आणि त्याच्या डोळ्यांतले पाणी नेमके कशाचे हे त्यालाही सांगता आले नसते.

“संपलं की नाही?” सासूबाईंनी विचारले.

“संपलं,” तो म्हणाला. “पण पूर्ण नाही झालं.”

शुक्रवारी चार वाजून चाळीस मिनिटांनी तो मोठ्या साहेबांसमोर उभा होता. टेबलावर पदभाराची कागदपत्रे, किल्ल्यांचा जुडगा आणि ‘अपूर्ण’ नोंदवही होती. वहीत एकच नोंद होती.

“झालं?”

“एक्केचाळीसपर्यंत झालं, साहेब.”

“म्हणजे बेचाळीस ते अठ्ठेचाळीस राहिल्या.” साहेबांनी सुस्कारा टाकला, तो दुःखाचा असावा असा त्यांचा प्रयत्न होता. “काय हो! थोडक्यात राहिलं. पण नियम तो नियम.”

“खेळ संपला, साहेब. समाप्त अशी अक्षरं आली.”

“पुस्तक मध्येच मिटलं म्हणून संपत नाही.” त्यांनी खण उघडून एक कागद काढला. मुदतवाढीचा अर्ज होता. टंकलेखन करून तयार होता. तारीखही घातलेली होती, आणि ती गेल्या आठवड्यातली होती. “माझी बॅग भरून झाली होती. पण आता आणखी एक वर्ष...”

सहायकाने ती तारीख पाहिली. अकरा वर्षे, छत्तीस अधिक एक्केचाळीस मोहिमा आणि एक अंगठा एकदमच त्याच्या डोक्यात चढले.

“पुढे काही नाहीच आहे, साहेब! तो येतो आणि शेजारी बसतो. बस! किती उशीर केलास म्हणतात आणि संपतं!”

“कोण बसतो?”

“लाल!”

“एक्केचाळिसाव्याला?” साहेब खुर्चीतून पुढे आले. “शक्य नाही. एक्केचाळिसाव्याला तर तो मरतो.”

पंखा फिरत होता. बाहेर काउंटरवर कोणीतरी पुस्तकावर शिक्का मारला.

“साहेब,” सहायक हळूच म्हणाला, “तो मरतो हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

साहेबांनी शाईचा पॅड सरळ केला. मग पुन्हा वाकडा केला. “पाकिटावर लिहिलंय.”

“पाकीट मी सात वेळा वाचलंय.”

साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“मुलीचं होतं ते,” शेवटी ते म्हणाले. “नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हा कपाटात राहिलं. घरात संध्याकाळी करायचं काय? एकदा लावून पाहिलं. म्हटलं, पूर्ण करावं, अर्धवट सोडू नये. तुम्हाला सांगतो, एक्केचाळिसाव्याला तो मेला, आणि पुढच्या सात मोहिमांत कोणी येतच नाही हो. कप्तान म्हणतो, निर्णायक दिवस. आपण जहाजातून बाहेर पडतो. नुसतं काळं आकाश. अर्धा तास फिरायचं आणि परत यायचं. सातही वेळा मी पूर्ण अर्धा तास फिरलो.”

सहायकाचा राग जिथे होता तिथेच अडखळला. त्याने घड्याळ पाहिले. पाचला नऊ मिनिटे कमी होती.

“म्हणजे साहेब, तुम्ही अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पाहिल्यात.”

“पाहिल्या.”

“आणि पाच वाजेपर्यंत तुम्ही या ग्रंथालयाचे कर्मचारी आहात.” त्याने तपासणीपत्र टेबलावरून पुढे सरकवले. “‘कोणत्याही एका कर्मचाऱ्याने.’ अक्षर तुमचंच आहे.”

साहेबांनी नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आपलाच नियम दोनदा वाचला. त्यात पळवाट शोधण्याचा त्यांनी मनापासून प्रयत्न केला असावा, कारण ओठ हलत होते. पण त्यांनी तो फार विचार करून लिहिला होता. त्यांनी पेनाचे टोपण काढले, सही केली, नोंदवहीतल्या एकुलत्या नोंदीवर रेघ मारली, आणि मुदतवाढीचा अर्ज घडी घालून खिशात ठेवला. किल्ल्या पुढे सरकवल्यावर ते उठले. दारापाशी जाऊन थांबले.

“त्याला न मारण्याचं बटण कोणतं?”

“बटण नाही, साहेब. कंट्रोलर खाली ठेवायचा.”

“खाली ठेवायचा?” निवृत्त मुख्य ग्रंथपाल आपल्या रिकाम्या हातांकडे पाहत म्हणाले. “हे मला सुचलंच नाही हो.”

“आमच्या आई दाखवतील. रविवारी या.”

जाता जाता साहेबांनी काउंटरवर थांबून वाचक म्हणून नाव नोंदवले आणि पहिला ग्राहक या नात्याने तो खेळ, यंत्रासकट, चौदा दिवसांसाठी घरी नेला.

रविवारी सकाळी ठीक नऊ वाजता दाराची घंटा वाजली. साहेबांच्या एका हातात खोके होते आणि दुसऱ्या हातात पंच्यात गुंडाळलेला, बटणे झिजलेला दुसरा कंट्रोलर होता. सासूबाईंनी त्यांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

“मारलंत ना त्याला?”

“चूक झाली.”

“बसा इथे. पहिल्यापासून करायचं. आणि घाई करायची नाही; आधी प्रत्येक वेळी त्याचा डावा खांदा बघायचा.” मग त्या वळल्या. “जावईबापू, उठा जरा. साहेबांना जागा द्या.”

नवा मुख्य ग्रंथपाल उठला. सकाळच्या वर्तमानपत्रासकट स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. पट्टीतला अंगठा आपोआप वर झाला होता.

“हे किती दिवस चालणार?” बायकोने कानाशी विचारले.

“एक्केचाळीस मोहिमा,” तो म्हणाला. “पण साहेब प्रत्येक सूचना दोनदा वाचतात.”

पडद्यावर कप्तान उभा राहिला. साहेबांनी वही उघडली, तारीख घातली. सासूबाईंनी पदर खोचला. खाली अक्षरे उमटायच्या आधीच, दारात उभ्या असलेल्या मुख्य ग्रंथपालाने डोळे मिटून घेतले, आणि पाठ झालेले वाक्य त्याच्या तोंडून कप्तानापेक्षा अर्धा क्षण लवकर बाहेर पडले.

“शू!” सोफ्यावरून दोघेही एकदम ओरडले. “पुढचं सांगू नका!”